नळ आला, चड्डी घाला

छत्रपती संभाजीनगरात लग्नाचा मुहूर्त पंचांगात बघतात आणि गोधड्या धुवायचा मुहूर्त नळाचं पाणी सोडणाऱ्या लाईनमनला विचारतात. दोन्हींत गफलत झाली तर बायकोकडून जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. इथून तास-दीड तासावर पैठणला 102 टीएमसीचं जायकवाडी धरण आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. दोन पंतप्रधानांचे हात लागलेलं ते पाणी आमच्या सिडकोतल्या नळाला आठवड्यातून एकदा दर्शन देतं, आणि कधीकधी त्या आठवड्यालाही आठ-दहा दिवस असतात. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडं घराचा पत्ता सांगायला वापरली तरी चालेल.

अशा गावात, भर एप्रिलात, आमच्या सव्वादोन वर्षांच्या नातवाचा डायपर सोडवायचा ठरला. ठरवलं पाळणाघरानं. जूनपासून पिल्लूला मोठ्या मुलांत बसवायचं असेल तर त्यानं शी-शू सांगायला हवी, चड्डीत करणारं मूल चालणार नाही, असा निरोप आला. निरोप रास्त होता. प्रश्न एवढाच होता की डायपर काढल्यावर त्या रिकाम्या जागी घालायचं काय?

घरात तीन पक्ष पडले. सूनबाईचा पक्ष ट्रेनिंग पॅन्टचा. ट्रेनिंग पॅन्ट म्हणजे दिसायला चड्डी, स्वभावानं डायपर. मुलाला ती स्वतः वर-खाली करता येते, थोडं ओलंही लागतं, पण फरशीवर काही येत नाही. आमच्या हिचा पक्ष साध्या चड्डीचा. "ओलं झालं की कळेल त्याला," ही म्हणाली. "या घरात ओलं झाल्याशिवाय कुणाला काही कळलंय का आजवर?" आणि हे बोलताना तिनं माझ्याकडं बघायचं काहीएक कारण नव्हतं. तिसरा पक्ष भांडी घासणाऱ्या मावशींचा. त्यांनी राख झटकल्यासारखा हात झटकून निकाल दिला, "घालायचंच कशाला म्हन्ते मी? करदोटा हाय की कमरंला. उन्हाळाय, हिंडू द्या उघडं." या पक्षाला कमी लेखू नये. चीनमध्ये मधोमध फट ठेवलेल्या लहान मुलांच्या विजारी पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या गेल्या त्या याच विचारानं. मूल बसलं की फट आपोआप उघडते. आपण तर करदोट्यावर भागवलं, म्हणजे शिलाईही वाचवली.

लेकानं "तुम्ही ठरवा, मी आणतो" असं म्हणून वाळूजची कंपनीची बस पकडली. घरातले बहुतेक वाद तो असेच सोडवतो.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गळती, झिरपा, विसर्ग यांत माझी हयात गेली. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच होतं की मतं नंतर, आधी साठा किती ते काढू. लहान मुलाच्या मूत्राशयाची क्षमता काढायचं एक सूत्र डॉक्टर लोक वापरतात: वयात एक मिळवायचा आणि तीसनं गुणायचं, उत्तर मिलिलिटरमध्ये. दोन वर्षांच्या मुलाचे झाले नव्वद. कॅनॉटच्या टपरीवर 'कटिंग' म्हणून जे देतात, साधारण तेवढंच. मी म्हटलं, एवढ्याशा विसर्गासाठी घरात तीन पक्ष?

पण खरा हिशोब पुढं असतो. त्या नव्वद मिलिलिटरपाठोपाठ चड्डी धुवायची, वरची पॅन्ट धुवायची, सतरंजी असेल तर सतरंजी, फरशी एकदा फडक्यानं आणि एकदा फिनेल टाकून, मुलाचे पाय, पुसणाऱ्याचे हात आणि शेवटी ते फडकं. म्हणजे एक बादली गेली. पंधरा-सोळा लिटर. आमच्या खात्यात कालव्याचा इतका वहनव्यय कागदावर दाखवला असता तर चौकशी लागली असती. आणि असे विसर्ग दिवसाला आठ-दहा.

म्हणून चड्डीपक्षाला मी पहिला प्रश्न विचारला, "नळ कधी आला होता?"

"परवा."

"पुढचा?"

उत्तर आलं नाही. या प्रश्नाला या शहरात उत्तर नसतं, अंदाज असतो. नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरात झालं, 1,680 कोटींची ती योजना पुढं 2,740 कोटींवर गेली, अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी पडली. तिच्यातून माणूस न वाकता चालत जाऊ शकतो आणि बरेच दिवस आम्हाला वाटत होतं की तिचा तेवढाच उपयोग आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरनं याच गावात मातीच्या नळांतून नहरीचं पाणी खेळवलं होतं. त्याला भूमिपूजनाची सवय नसावी.

बरं, पाणी वाचवायचं म्हणून फेकायच्या पॅन्टी वापराव्यात, तर दुसरीकडं कचरा. 2018 साली नारेगावच्या लोकांनी कचरा डेपो बंद पाडला आणि शहरात जी कचराकोंडी झाली ती ज्यानं नाकानं अनुभवली आहे, त्याला घंटागाडीत डायपरची पिशवी टाकताना अजून ओशाळल्यासारखं होतं. चड्डी घातली की पाणीप्रश्न, डायपर घातला की कचराप्रश्न. महापालिकेचे दोन्ही जुने विषय आमच्या घरी एका पोराच्या कमरेवर येऊन बसले होते.

शेवटी माल बघून ठरवू म्हणून मी आणि सूनबाई गुलमंडीला गेलो. गुलमंडीच्या दुकानात "पॅन्ट दाखवा" म्हणावं तर दुकानदार डायपरचा पुडा काढतो. कारण आपल्याकडं डायपरच पॅन्टसारखे चढवायचे विकतात. "ट्रेनिंगची" म्हटल्यावर त्यानं वरच्या पोराला हाक मारली, "अरे, वो मोटीवाली चड्डी ला!" मग तीन थर समोर मांडले गेले. डायपर. मोटीवाली. आणि साधी, सहाच्या पाकिटातली, पुढं मिकी माउसला न जुळणारा मिकी माउस छापलेली. मोटीवाल्या एकीच्या किमतीत साध्या चड्ड्यांचं सबंध पाकीट येत होतं.

मोटीवाली मी उलटी करून पाहिली. आतून मऊ सुती कापड, मध्ये शिवून बसवलेली शोषणारी जाड पट्टी, तिच्याखाली पाणी अडवणारा पातळ प्लास्टिकसारखा थर, बाहेरून पुन्हा सुती छापील. कमरेला आणि मांड्यांना इलॅस्टिक. मातीच्या धरणाचा छेद घेतला तर असंच दिसतं: बाहेर केसिंग, मध्ये हार्टिंग. मी समाधानानं मान डोलावली आणि दुकानदाराला विचारलं, "यात सांडवा कुठं आहे?"

सूनबाई झबल्यांच्या काउंटरकडं गेली.

सांडवा मांडीपाशी असतो, हे घरी आल्यावर कळलं. इलॅस्टिक सैल झालं की दोन्ही तीरांवर एकाच वेळी विसर्ग सुरू होतो.

डायपरच्या आत जी पूड असते तिची गोष्ट मात्र मराठवाड्याच्या माणसानं ऐकण्यासारखी आहे. आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिऊन फुगणारे असे पदार्थ 1960 च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून तयार झाले. डोळ्यांपुढं शेतजमीन होती. मातीत मिसळावं, ओल धरून ठेवावी, पीक तगावं. आपल्याकडंही कोरडवाहू शेतीसाठी पुसा हायड्रोजेल निघालं. त्याच कुळातली पूड आज गावोगावच्या मेडिकलमध्ये डायपर होऊन टांगलेली असते. म्हणजे जी ओल कपाशीच्या मुळाशी राहायची ती नातवाच्या मांडीशी राहते आणि आपण त्याचे पैसे देतो. आमच्या भागात डायपरला सगळे 'हगीज'च म्हणतात, कंपनी कुठलीही असो. हे नाव मराठी माणसाला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

अडचण अशी की ही पूड काम फार चोख करते. मुलाला ओलं लागतच नाही. मग त्यानं सांगायचं काय आणि का? 1989 साली हगीजवाल्यांनीच 'पुल-अप्स' नावाच्या फेकायच्या ट्रेनिंग पॅन्टी बाजारात आणल्या तेव्हापासून हा वाद सुरू आहे की या पॅन्टी मुलाला शिकवतात की कंपनीला आणखी वर्षभर गिऱ्हाईक मिळवून देतात. सूनबाई वाचणारी आहे, तिनं दोन्ही बाजू काढल्या. 1962 साली ब्रेझलटन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं 1,170 मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं, घाई करू नका, मूल तयार झालं की सांगतं. त्याच्या नोंदींत दिवसाची शू आवरायचं सरासरी वय अठ्ठावीस महिन्यांच्या पुढं होतं. चांगला, मवाळ माणूस. पुढं 1998 च्या सुमारास हेच डॉक्टर मोठ्या मापाच्या पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले.

"मग तो म्हणणारच, घाई करू नका," आमची ही म्हणाली.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅझरिन आणि फॉक्स. 1974 मध्ये त्यांनी पुस्तक काढलं की हे काम एका दिवसाच्याही आत होतं. पद्धत सोपी: मुलाला खूप काही प्यायला द्या, म्हणजे सरावाच्या संधी भरपूर मिळतील. ज्या गावात पाहुण्याला पाणी विचारताना पेला अर्धा भरतात तिथं हे पुस्तक कुणी विकायला आणलं असेल असं वाटत नाही. नेमका आपला प्रश्न सोडवायला घेतला तो 2016 साली छापून आलेल्या एका अभ्यासानं. वीस मुलं घेऊन चड्डी, वरचेवर बसवणं आणि बक्षीस हे तीन उपाय एकत्र आणि वेगवेगळे करून पाहिले. त्यात चड्डीचं पारडं जड निघालं.

"वीसच?" ही म्हणाली. "औरंगपुऱ्याच्या आमच्या वाड्यात एका वेळी तेवढी पोरं होती. कुणी अभ्यास नाही केला."

तिच्या वाड्याची पद्धत मला माहीत आहे, कारण आमच्या लेकावर ती झालेली आहे. बाईनं पाटावर बसायचं, पाय पुढं सोडायचे, दोन पावलांच्या मधे बाळाला बसवायचं आणि तोंडानं 'स्‌ऽऽऽ' असा आवाज काढत राहायचं. काही दिवसांत आवाज आणि काम यांची अशी गाठ बसते की आवाज आला की काम होतं. पाव्हलॉव्हनं कुत्र्यांवर घंटा वाजवून जे सिद्ध केलं ते आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी दातांच्या फटीतून केलं होतं. 1977 साली डीव्रीज दांपत्यानं पूर्व आफ्रिकेतल्या दिगो लोकांविषयी लिहिलं, तिथंही आया असाच आवाज काढून मुलांना काही महिन्यांतच वळण लावतात. तेव्हा ही गोष्ट काही औरंगपुऱ्याची एकट्याची नाही. हिनं पिल्लूवरही तो प्रयोग सूनबाईच्या नकळत, दुपारच्या वेळी, सुरू केला होता.

आता एक स्थानिक अडचण. ज्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथं तो येताना आधी पाणी येत नाही. आधी हवा येते. रिकाम्या पाइपातली सगळी हवा पुढं ढकलत नळ चांगली दोन-चार मिनिटं वाजतो: 'स्‌ऽऽऽऽ'. एरवी हा आवाज या शहरातल्या माणसाला सनईहून गोड. गल्लीत हाका जातात, मोटारी लागतात, हौदाची झाकणं वाजतात, माणसं अंथरुणातून उठून बादल्यांकडं धावतात. त्या दिवशी सकाळी आमच्या अंगणातला नळ वाजला, आम्ही सगळे धावलो, आणि पिल्लू बैठकीच्या खोलीत उभा होता तिथंच, चेहऱ्यावर कमालीची शांतता आणून, आजीनं शिकवलेलं काम करता झाला. नव्या दिवाणाच्या चादरीवर.

सूनबाई नळाकडं बघत होती, मग मुलाकडं, मग सासूकडं. "आई," ती म्हणाली, "तुम्ही याला स्‌स्‌ करून शिकवलंत?"

"नळानं शिकवलं," ही म्हणाली आणि मोटार लावायला गेली.

त्यानंतर मी घरात पूररेषा आखल्या. आमच्या खात्याची ती पद्धतच आहे. निळ्या रेषेच्या आत नेहमी पाणी येणार हे धरून चालायचं: तिथली सतरंजी गुंडाळली, वर्तमानपत्रं उचलली. लाल रेषा म्हणजे क्वचित येणारा मोठा पूर: दिवाण, गाद्यांची चळत, लेकाचा लॅपटॉप. पाळण्याच्या वेळचं जुनं मेणकापड माळ्यावरून काढून दिवाणावर पसरलं. लॅपटॉपला दोनदा नोटीस देऊनही तो लाल रेषेच्या आतच राहिला, पण नदीपात्रातल्या बांधकामांचं सगळीकडं असंच असतं.

मग आवर्तन. दर अर्ध्या तासानं त्याला पॉटीवर बसवायचं. पॉटी बदकाच्या आकाराची, बसलं की गाणं वाजवणारी. पिल्लूला गाणं आवडलं. तो बसायचा, गाणं पूर्ण ऐकायचा, टाळ्या वाजवायचा, उठायचा, आणि मोजून चार पावलांवर मोकळा व्हायचा. धरणात जिवंत साठा आणि मृतसाठा असे दोन भाग असतात. मृतसाठा दरवाज्याच्या पातळीखाली असतो, त्यामुळं तो आपोआप बाहेर येऊ शकत नाही. जायकवाडीत असा जवळपास 26 टीएमसी आहे. पॉटीवरून उठलेल्या मुलाचा मृतसाठा कसा बाहेर येतो हे पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि कूलर. उन्हाळ्यात आमच्याकडं घरोघरी खिडकीला लोखंडी कूलर असतो आणि त्याच्या खाली कायम थोडं पाणी असतं. हे त्या मुलानं फार लवकर हेरलं. सांगायचं नसलं की तो कूलरमागं जायचा. आता खाली जे ओलं आहे ते वाळ्याच्या ताट्यांतलं की नातवातलं, हे ओळखायचं एकच साधन, आणि ते वाकून वापरावं लागतं. लेक म्हणायचा कूलरच गळतोय, मेकॅनिक बोलवा. मेकॅनिक आला, त्यानं वाकून पाहिलं, आणि काही न बोलता व्हिजिटिंग चार्जचे पैसे घेऊन गेला.

या काळात बाहेर जायचं आलं की प्रश्न आणखी अवघड. बीड बायपासच्या एका लॉन्सवर सुनेच्या माहेरचं लग्न होतं. तिथं साधी चड्डी कुणी सुचवली नाही, हिनंसुद्धा नाही. चड्डीपक्षाचे लोक लग्नात वेगळा विचार करतात. शेरवानीच्या आत मोटीवाली चढवली. पाकिटावर लिहिलं होतं की ती एक वेळची शू सहज धरते, आणि ती धरलीही. शब्दाला जागली. दुसऱ्या वेळेविषयी पाकीट गप्प होतं. दुसऱ्या वेळी पिल्लू आमच्या व्याह्यांच्या मांडीवर होता आणि व्याह्यांच्या अंगावर खास या लग्नासाठी शिवलेलं हिमरूचं जाकीट होतं. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम यांचं विणकाम. त्यातल्या सुतामुळं शोषण उत्तम झालं. हागणाऱ्यानं लाजावं की बघणाऱ्यानं, असं आपल्याकडं विचारतात. मांडी देणाऱ्यानं काय करावं हे त्या म्हणीत नाही. व्याही सज्जन. ते म्हणाले, "असू द्या, लेकराचं तीर्थ." आणि पंगतीत शेवटपर्यंत उपरणं मांडीवर घेऊन जेवले.

त्या रात्री सूनबाईनं स्वतःच फ्रीजवर कागद चिकटवला. मी वाचून थक्क झालो. नगर-नाशिककडच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर दरवर्षी जे समन्यायी वाटपाचं भांडण होतं, त्यात एवढी स्पष्ट भाषा मी पाहिलेली नाही. नळ आला तो दिवस आणि पुढचे दोन: साधी चड्डी, दिवसभर. गॅपचे मधले दिवस: कापडी ट्रेनिंग पॅन्ट, धुणं एकदाच, संध्याकाळी, भाजी धुतलेल्या पाण्यात पहिली खळबळणी. टाकी तळाला गेली, टँकरला फोन झाला, की मावशींची पद्धत: करदोटा आणि अंगण. बाहेर जाताना मोटीवाली आणि पिशवीत दुसरी. खाली सही, स्वतःची. सासूच्या सहीसाठी जागा सोडलेली होती. हिनं ती जागा भरली आणि कंसात लिहिलं, 'चड्डीचे दिवस वाढवावेत'.

माझं विचाराल तर मी या कागदाच्या बाजूचा. चड्डी लवकर शिकवते यात शंका नाही, कारण ती सगळ्यांनाच लगेच सांगते: मुलाला, पुसणाऱ्याला, शेजाऱ्यांना. ट्रेनिंग पॅन्ट बातमी उशिरा देते. पण घरात पुसायला पाणी नसेल तर चांगल्या बातमीचीही माणसाला धास्ती वाटते, आणि पुसणाऱ्याचं तोंड वाईट झालं की मूल सांगायचं सोडून लपायला लागतं. कूलरमागं जाणारी मुलं अशीच तयार होतात. संशोधकांनी मुलांच्या चड्ड्या बदलून पाहिल्या. घरातल्या टाकीची पातळी कुणी टिपली का, ते एकदा सूनबाईला विचारायचं आहे.

मे संपता संपता पिल्लू सांगायला लागला. खरं श्रेय सहाच्या पाकिटातल्या एका चड्डीला जातं. पाचांवर मिकी माउस होते, एकीवर कसा कोण जाणे पिवळा जेसीबी होता. जेसीबी हे त्याचं दैवत. बीड बायपासला खोदकाम चालू असेल तर त्याला तासभर रस्त्याकडेला उभं राहायचं असतं, आणि खोदकाम नेहमीच चालू असतं. तो जेसीबी ओला होऊ द्यायला त्यानं साफ नकार दिला. "देसीबी भिजेल," म्हणत धावत बाथरूम गाठायचा. लेकानं तेवढ्यावर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून दिलं: 'पिल्लू ट्रेन झाला!' पन्नास अंगठे आले. मी सरकारी नोकरीत मुरलेला. ग्रामीण महाराष्ट्र 2018 साली हागणदारीमुक्त जाहीर झाला तेव्हाही मी म्हटलं होतं, जाहीर होणं ही एक गोष्ट आणि होणं ही दुसरी. गावांत त्यासाठी पहाटे टॉर्च घेऊन गुड मॉर्निंग पथकं फिरायची. आमच्याकडं ते काम हिनं घेतलं. रोज सकाळी कूलरशेजारच्या पडद्याची खालची कड हातानं चाचपून बघायची आणि अहवाल स्वयंपाकघरात सादर करायची.

जेसीबीचा एक तोटा झाला. ती चड्डी तो काढेना. धुवायलासुद्धा. मी गुलमंडी, शहागंज, कॅनॉट सगळं पालथं घातलं. मिकी माउस ढिगानं, जेसीबी कुठंच नाही. एका दुकानदारानं ट्रॅक्टर दाखवला. घरी नेला. पिल्लूनं त्याच्याकडं पाहिलं आणि शांतपणे त्यावर शू केली.

रात्रीचा विषय मी काढत नाही. रात्री डायपरच असतो आणि अजून बरेच दिवस असेल. डॉक्टर सांगतात, झोपेत मूत्र कमी तयार व्हायला शरीरातलं एक संप्रेरक वाढावं लागतं, ते ज्याच्या-त्याच्या वेळेनं वाढतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तर काळजीचं काही नाही. तिथं चड्डीपक्षाचं आणि पॅन्टपक्षाचं एकमत आहे, कारण पहाटे तीनला धुणं कुणाच्याच जाहीरनाम्यात नव्हतं.

परवा पुण्याहून हिच्या भाचीचा फोन आला. तिची मुलगी दोन वर्षांची झालीय, डायपर सोडवायचाय, आणि ती पार गोंधळून गेलीय: मावशी, ट्रेनिंग पॅन्ट घेऊ की सरळ चड्डी? आमच्या पिल्लूची कीर्ती ग्रुपवरून कोथरूडपर्यंत पोचली होती. हिनं फोन स्पीकरवर टाकला, चष्मा लावला, फ्रीजवरचा कागद समोर घेतला आणि डॉक्टरच्या आवाजात विचारलं, "आधी सांग, तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो?"

"म्हणजे? रोजच येतो की गं मावशी. दोन्ही वेळा."

हिनं चष्मा काढला.

"मग काहीही घाल," ही म्हणाली आणि फोन ठेवून दिला.